राजपत्रातून बदललेली गोळी

अकोल्यात माझ्या आजीची कंबरदुखीची गोळी दिल्लीने बदलली. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हृदयाला घातक म्हणून अमेरिकेत 2010मध्ये बाजारातून गेलं. भारताने मे 2013मध्ये बंदी घातली. तिच्या चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल आलं. त्याचा नशेसाठी वापर होऊ लागला, म्हणून एप्रिल 2018मध्ये तेही 1985च्या अमली पदार्थ कायद्याखाली आलं. याच कायद्याने मॉर्फिनसाठी रुग्णालयांना अनेक परवान्यांच्या मागे धावायला लावलं होतं; 2014च्या दुरुस्तीने एकच परवाना पुरेसा ठरवला. प्रत्येक निर्णयाला कारण होतं, ते राजपत्रात छापलंही गेलं. आजीपर्यंत मात्र फक्त नवीन गोळी पोहोचली. तिला वाटलं, आपलंच दुखणं वाढलं.