शिंगाविना शिकार

विलायतेत शिकारीचं शिंग फुंकलं की कुत्री धावतात. आपल्याकडे तुतारी फुंकली की वऱ्हाडी. विद्या एकच. नुसते गाल फुगवून भागत नाही, ओठ थरथरवावे लागतात. नळीला भोकं नसल्याने सूर मोजकेच. नवशिक्याचा तर फक्त ‘फुस्स’.

१८२५ साली धरणगावात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रॅमलाही नाद होता, पण वाघाच्या शिकारीचा. खानदेशच्या रानात वाघापुढे शिंग काय कामाचं? इथे माग काढायचे भिल्लांनी, हाकाही त्यांनीच घालायचा. ढोल बडवत, ओरडत, पायी. शिंगाविना शिकार झाली आणि डंका मात्र साहेबाचा वाजला. त्या हाकाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आज आपल्याला सांगता येतं का?

तिथे आपलाही ‘फुस्स’च.