सेवेचा व्यवसाय

घोडपदेवच्या चाळींतील दिवस एके काळीं गिरणीच्या भोंग्यावर चाले. मुंबईच्या अशा कामगारवस्त्यांसाठीं नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. त्या पिढीचें भांडवल म्हणजे तळमळ. सेवा हें व्रत होय, शिकण्याची विद्या नव्हे, अशीच तेव्हां समजूत होती.

ती बदलूं लागली घोडपदेवहून फार दूर नसलेल्या नागपाड्यांत. तेथें क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानें चालविलेल्या नेबरहूड हाऊसमध्यें, दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्यानें, १९३६ सालीं समाजकार्याचें शिक्षण पदवीधरांस देणारी भारतांतील पहिली संस्था निघाली. १९४४ पासून ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या नांवानें ओळखली जाते.

वेतन घेऊन केलेली सेवा खरी कशी, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु मोबदला घेतल्यानें वैद्याची करुणा खोटी ठरत नाहीं. नाडी न पाहतां औषध देणारा दयाळू वैद्यच रोग्यास अधिक घातक. कर्जांत बुडालेल्या कामगाराच्या हातावर चार आणे ठेवण्यापूर्वीं त्या कर्जाचें कारण शोधावें, हेंच या विद्येचें सार होय.