ओझरच्या आकाशातला धडाका

निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. निरभ्र दुपारी एकाएकी धडाड्‌ असा आवाज होतो, तावदाने थरथरतात, गोठ्यातली जनावरे बुजतात. कोणी म्हणतो भूकंप, कोणी म्हणतो सुरुंग. चौकशी करावी, तर उत्तर बहुधा एकच मिळते : ओझरचे विमान!

संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. १९६४ मध्ये ओझरला मिग-२१ चा कारखाना आला. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. पुढे २००४ साली इथूनच सुखोई बाहेर पडले. कारखान्यातून निघालेले विमान आधी आकाशात पारखून घ्यावे लागते, आणि त्या पारखीत वेगही आलाच.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान त्याहून जलद निघाले, की पुढच्या हवेला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. ती दबते आणि होडीमागे पाण्याची पाचर उठावी तशी लाट मागे पसरते. विमान ध्वनीची हद्द ओलांडते तेवढ्या क्षणीच धडाका होतो, ही समजूत मात्र खरी नव्हे. तो वेग असेतोवर ही लाट विमानामागून शिवाराशिवारांतून जात असते. म्हणून प्रत्येक गावाला वाटते, स्फोट आपल्याच वेशीवर झाला!

हा आवाज मोजायचा कसा? योगायोग असा, की त्याच १९६४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा शहरावर सहा महिन्यांत १,२५३ वेळा असे धडाके मुद्दाम करण्यात आले. ध्वनीहून जलद प्रवासी विमाने लोक सोसतील का, हे सरकारला पाहायचे होते. हवेचा दाब चढत होता तो फार तर १०० पास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा हजारावा हिस्सा. कागदावर क्षुल्लकच! पण तो डोळ्याचे पाते लवण्याआधी चढतो. पहिल्या चौदा आठवड्यांत दोन उंच इमारतींच्या १४७ काचा फुटल्या. इमारतींच्या नुकसानीच्या नऊ हजारांवर तक्रारी आल्या, भरपाईचे बहुतेक अर्ज फेटाळले गेले. आणि सुमारे चौथा हिस्सा लोकांनी सांगितले, की आम्हांला याची सवय होणे नाही. यंत्राने दाब मोजला, कंटाळा आणि धास्ती मोजायला माणसांनाच विचारावे लागले. १९७३ साली अमेरिकेने जमिनीवरून अशा नागरी उड्डाणांना बंदी केली. लढाऊ विमानांची गोष्ट अर्थातच वेगळी.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. ओझर, दिंडोरी, निफाड इथल्या शाळांनी आपापली घड्याळे आकाशवाणीच्या वेळेशी जुळवून ठेवावीत आणि धडाका झाला, की सेकंदासकट वेळ टिपावी. एकच आवाज झाला की लागोपाठ दोन, तेही लिहावे. कारण एक लाट विमानाच्या नाकाशी उठते, दुसरी शेपटाशी. मग या वेळा तालुक्याच्या नकाशावर मांडल्या, की लाट कुठून कुठे गेली ते मुलांना आपसूक दिसेल.