चौदा जानेवारीची कुळकथा

संक्रांतीच्या दिवशी पानिपतजवळच्या काला अंबला गेलात तर भगवे फेटे दिसतात, 'हर हर महादेव'चा गजर कानावर येतो. घोषणा आपल्या, पण देणाऱ्यांत बरेचसे हरियाणवी बोलणारे. हा मराठ्यांचा शौर्य दिवस. २०२५ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्याला हजर राहिले, तेव्हा तो २६४ वा धरला गेला. आकडा ऐकून वाटतं, १७६१ पासून हा दिवस अखंड पाळला जातोय. तसं नाही. मराठे आणि अब्दाली यांची पानिपतची लढाई एका दिवसात उरकली. तिचा स्मरणदिन जमायला पिढ्या गेल्या. आणि त्याची तारीख, झाड, खांब, माणसं यांतल्या प्रत्येकाचं कूळ निराळं आहे.

आधी तारीख. लढाई झाली शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवारी. इंग्रजी हिशेबाने १४ जानेवारी १७६१. 'ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत आली' हे आपण शाळेपासून ऐकतो. पण संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते, आणि हा प्रवेश इंग्रजी कॅलेंडरात सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. तिथून मागे मोजत गेलं तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे लढाईच्या दिवशी सण होऊन गेला होता. मराठ्यांचा सेनापती सदाशिवरावभाऊ, त्याच्या छावणीत तो झाला असेलसं वाटत नाही. रसद तुटलेली, तीळगूळ सोडाच, जनावरांना वैरण आणि माणसांना दाणा मिळेना. पुढे सूर्य सरकत सरकत १४ तारखेला आला आणि सण व लढाई बहुतेक वर्षी एका दिवसावर येऊन बसू लागली.

खुद्द लढाईनंतर पुण्यात स्मरणदिन पाळायला मन कुठे होतं? बातमी आली ती सावकारी पत्राच्या आडपडद्याने: मेलेली माणसं मोती, मोहरा आणि खुर्दा होऊन. नानासाहेब पेशव्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर देह ठेवला. शिवाय दिवस घालायचे तर माणूस गेला हे आधी मान्य करावं लागतं, आणि भाऊ गेल्याचं बऱ्याच जणांना मान्यच नव्हतं. म्हणून तर सुखनिधान नावाचा तोतया भाऊ म्हणून उभा राहू शकला, त्याच्यामागे फौज जमली, आणि १७७६ साली त्याला देहदंड दिल्यावरच ते प्रकरण मिटलं. पंधरा वर्षं लोक भाऊची वाट पाहत होते. वाट पाहणारा पुण्यतिथी करत नाही. तोवर आठवण राहिली ती बखरींत, पत्रांत, आणि रणातून जीव वाचवून परतलेल्या नाना फडणविसाच्या आत्मचरित्रात.

तिकडे रणभूमीवरच्या लोकांनी आठवण एका आंब्याच्या झाडाला बांधली. इतकं रक्त सांडलं की झाड काळं पडलं, फांदी तोडली की काळसर लाल रस गळे, अशी दंतकथा. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. आंब्याचा चीक अंगाला लागला की काळा डाग पाडतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक. झाड वठलं. पंडित सुगनचंद नावाच्या तिथल्या रईसाने त्या लाकडाचे नक्षीदार दरवाजे करवून घेऊन राणी व्हिक्टोरियाला भेट दिले, असं सांगतात. झाडाच्या जागी इंग्रजी अमलात विटांचा स्तंभ उभा राहिला: वर लोखंडी गज, भोवती लोखंडी कुंपण. हरलेल्या मराठ्यांनी नाही, जिंकलेल्या अब्दालीने नाही, तिसऱ्याच राज्यकर्त्याने तो बांधला. पुढे 'बॅटल्स ऑफ पानिपत मेमोरियल सोसायटी' निघाली, आणि पानिपतच्या तिन्ही लढायांचं स्मारक म्हणून तिथे बगीचा झाला.

आता माणसं. पुण्याकडे त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर ग्रंथ लिहिला आणि १९८८ साली विश्वास पाटलांच्या कादंबरीने ही लढाई घरोघर नेली. पण काला अंबवर गर्दी आणली ती हरियाणातल्या रोड समाजाने. आपण पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज, असं हे लोक सांगतात; कोल्हापूरचे इतिहास संशोधक डॉ. वसंतराव मोरे यांनी ही मांडणी केली. १८८१ च्या जनगणनेच्या वेळी डेन्झिल इबेट्सन या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र त्यांच्या तोंडची वेगळी हकिगत टिपली होती: आम्ही रजपूत, मूळचे झज्जरजवळच्या बादलीचे. वंशावळीचा वाद चालत राहील. कुळाचार सुरू झालाय तो झालाच. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना तिथे यजमान भेटले.

त्या तारखेला आणखीही कुळं येऊन मिळाली. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले, म्हणून २०१६ पासून तो माजी सैनिकांचा दिवस. त्यांनी १९४९ साली लष्कराची सूत्रं हाती घेतली ती १५ जानेवारीला, म्हणून दुसऱ्या दिवशी सेना दिन. आणि १६ जानेवारी २००३ ला, पानिपतच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवरच्या कर्नालची कल्पना चावला 'कोलंबिया'तून दुसऱ्यांदा अवकाशात गेली.

तिचं स्मरण कसं जमलं ते पानिपतच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. ती डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची चाहती. बँडचे अल्बम तिने यानात नेले होते, वरून त्यांच्याशी ईमेलवर बोलणंही चालू होतं. उड्डाणाच्या वेळी टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं तेव्हा भारतात संध्याकाळ होती; कर्नालच्या तिच्या शाळेत मुलं जल्लोषासाठी जमली होती. जगाने ते टीव्हीवर पाहिलं. इथे तोतयाला जागाच नव्हती. चार दिवसांत 'मेटसॅट' उपग्रहाचं 'कल्पना-१' झालं, आणि त्याच वर्षी बँडचा गिटारवादक स्टीव्ह मोर्स याने 'कॉन्टॅक्ट लॉस्ट' ही शब्दांवाचूनची धून यानात गेलेल्या सात जणांसाठी रेकॉर्ड केली. सदाशिवरावाला जे दोन शतकं मिळालं नाही, ते तिला वर्षाच्या आत मिळालं.

स्मरणाचा वेग बातमीच्या वेगावर ठरतो, आणि स्मरणाचा टिकाव सोयीवर. पौष शुद्ध अष्टमी दरवर्षी येते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. १४ जानेवारीला मात्र बहुधा सण असतो, गाड्या निघतात. शनिवार-रविवार लागून आला तर पानिपत आणि कर्नाल असं दोन्ही एका फेरीत होतं. पंचांगाशी ही तारीख जुळत नसेल. माणसं जमवण्याचं काम ती चोख करते.