चेंडू परका नव्हे

खानदेशातल्या शाळांच्या क्रीडा महोत्सवात एक वाक्य ठरलेले असते: कबड्डी, खो-खो, कुस्ती हे आपल्या मातीतले खेळ, चेंडूचे खेळ इंग्रजांनी आणले. जळगावचे व्यासपीठ असो की धुळ्याचे, पाहुणे हे म्हणतात आणि टाळ्या घेतात. हे मत मला मान्य नाही. पण ते खोडण्याआधी त्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही.

पूर्वपक्ष असा. क्रिकेट, फुटबॉल आणि हॉकीचे आजचे नियम इंग्लंडात लिहिले गेले. बास्केटबॉल नेस्मिथने १८९१ मध्ये आणि व्हॉलीबॉल मॉर्गनने १८९५ मध्ये अमेरिकेत तयार केला. लष्करी छावण्या, रेल्वे, मिशन आणि कॉलेजे यांच्या वाटेने हे खेळ इथे आले. यातले एकही विधान खोटे नाही. घोटाळा आहे तो निष्कर्षात. नियमांची पुस्तके बाहेरून आली एवढ्यावरून चेंडूही बाहेरचा आणि चेंडू खेळायची हौसही बाहेरची, असे ठरवून टाकले जाते.

आता खानदेशातलाच पुरावा पाहू. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याची ती नोंद आहे. भास्कराचार्यांचे मूळ गाव कोणते याबद्दल विद्वानांत वाद आहे, पण त्यांचे गणित या डोंगरांच्या कुशीत शिकवले जात होते यात शंका नाही. त्यांच्या ‘लीलावती’त (११५०) गोलाच्या पृष्ठफळाचा नियम आहे: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट करा, म्हणजे गोलाचे पृष्ठफळ मिळते. हे पृष्ठ कसे असते, तर चेंडूवरच्या जाळीसारखे, असे ते सांगतात. अवघड गोष्ट समजावताना शिक्षक पोरांच्या ओळखीचीच वस्तू पुढे करतो. जाळीने वेढलेला चेंडू विद्यार्थ्यांनी पाहिलाच नसता, तर त्या दाखल्याचा उपयोग काय? म्हणजे इंग्रज इथे यायच्या कित्येक शतके आधी चेंडू इतका परिचित होता, की त्यावरून भूमिती शिकवता येत होती.

तसा चेंडू करणे कठीणही नव्हते. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, त्यावर सुतळीचे उभे-आडवे वेढे द्यायचे आणि दाभणाने ते वेढे एकमेकांत ओवून जाळी पक्की करायची. हा चेंडू फार उसळत नाही, पण नेम धरून फेकायला उत्तम, आणि पाठीत बसला तर आवाज मोठा, इजा थोडी. कापूस पिकवणाऱ्या मुलखात एवढ्या सामानाला कोणाच्या दारात जावे लागत होते?

यावर आक्षेप येतो: असेल चेंडू, पण तो पोरांचा विरंगुळा, त्याला खेळ कसे म्हणावे? दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त राजकन्या कंदुकावती उत्सवात सर्वांसमोर चेंडू खेळते आणि तिथे चेंडू मारण्याच्या वेगवेगळ्या प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत. ज्या कौशल्याला परिभाषा असते, त्याला विरंगुळा म्हणून झटकता येत नाही. तुकोबांच्या गाथेत हमामा, हुंबरीच्या पंगतीला चेंडूफळीवरही अभंग आहेत. श्रोत्यांना डाव ठाऊक नसता तर त्यावर रूपक उभेच राहिले नसते. कालियामर्दनाचे उदाहरण तर बोलके आहे. मूळ भागवतात कृष्ण चेंडूसाठी डोहात उडी घेत नाही. चेंडूचे निमित्त लोकांनी कथेत घातले. नदीकाठी पोरे जमली की चेंडू पाण्यात जाणारच, हे सांगणाऱ्यालाही माहीत होते आणि ऐकणाऱ्यालाही.

लगोरीच घ्या. काही गावांत तिला लिंगोरचा म्हणतात. सात चपट्या दगडांची उतरंड रचायची. एका गड्याने चेंडू मारून ती फोडायची, की त्याचा संघ विखुरतो. दुसऱ्या संघाने चेंडू गाठून त्यांना टिपायचे, आणि या माऱ्यातून निसटत पहिल्या संघाने उतरंड पुन्हा रचायची. यात नेम आहे, धाव आहे, हुलकावणी आहे, सांघिक डावपेच आहेत. क्रीडाशिक्षक एखाद्या खेळात जे शोधतात, त्यातले लगोरीत काय कमी आहे?

मग कबड्डी देशी ठरली आणि लगोरी बालिश, हे झाले कसे? याचे उत्तर मातीत नाही, समित्यांच्या कामात आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम केले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे, म्हणजेच कबड्डीचे, नियम छापले. मैदानाची मापे, खेळाडूंची संख्या, पंच आणि घड्याळ ही सगळी रचना त्या काळी प्रतिष्ठा पावलेल्या विलायती खेळांच्या धर्तीवर बसवली गेली. ते काम थोरच होते, त्यामुळेच कबड्डी १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपर्यंत पोचली. लगोरीला तेव्हा असा वाली मिळाला नाही, एवढेच. ज्याला नियमपुस्तक मिळाले तो राष्ट्रीय आणि ज्याला मिळाले नाही तो पोरखेळ, ही वर्गवारी इतिहासाची नव्हे, कार्यालयाची आहे.

देवाणघेवाणही एकतर्फी नव्हती. मणिपूरचा घोड्यावरून खेळायचा चेंडूचा खेळ इंग्रजांनी पाहिला, उचलला, १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला आणि तो पोलो म्हणून जगभर नेला. बॅडमिंटनच्या सुरुवातीच्या नियमांवर पुण्याच्या छावणीचा ठसा आहे. त्या खेळाला काही काळ ‘पूना’ असेच म्हणत.

तेव्हा देशी-विदेशीची कसोटी बदलायला हवी. जो खेळ गावातली पोरे हाताशी असलेल्या सामानात उभा करतात, जागेप्रमाणे ज्याचे नियम स्वतः ठरवतात आणि ज्याची भांडणे स्वतःच मिटवतात, तो देशी. कपाशीची उलंगवाडी झाल्यावर मोकळ्या रानात किंवा गिरणेच्या कोरड्या पात्रात टेनिस चेंडूने क्रिकेट रंगते. तिथे एकटप्पी झेल घेतला की गडी बाद आणि काट्यात चेंडू गेला तर ज्याने मारला त्यानेच आणायचा. या कसोटीवर ते क्रिकेट पुरते खानदेशी ठरते, आणि आयात केलेल्या मॅटवरची कबड्डी तितकीशी नाही.

क्रिकेटने आपले खेळ मारले, अशी तक्रार नेहमी होते. लगोरीला क्रिकेटने मारले नाही. गावठाणातली मोकळी जागा प्लॉटांनी खाल्ली आणि शाळेच्या तासिकेत तिला कोणी जागा दिली नाही, म्हणून ती मागे पडली. पुढच्या महोत्सवात मातीतल्या खेळांवर भाषण करणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. भाषण पाच मिनिटे कमी करा आणि तालुका स्पर्धेत लगोरीचा एक गट घाला. मैदान शाळेचे आहेच. सात दगड आणि चिंध्यांचा चेंडू पोरे आणतील.