तीस रुपयांची गोष्ट: गिरणी की सरकारी नोकरी?

"सरकारी नोकरी लागली की आयुष्य सेट", हे वाक्य तुम्ही घरी किती वेळा ऐकलंय? आज बघूया, हे 'सेट' होणं आलं कुठून.

चला १९४७ मध्ये. मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी औद्योगिक न्यायालयाने किमान मूळ पगार ठरवला: २६ दिवसांच्या कामाचे ३० रुपये. वर महागाई भत्ता वेगळा. त्याच वर्षी पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने सरकारी शिपायाच्या पातळीवरच्या कर्मचाऱ्यासाठी मूळ पगार सुचवला. किती? तोही ३० रुपयेच! म्हणजे सुरुवातीची रेघ एकच होती.

मग फरक पडला कुठे? पहिली गोष्ट, कायमपणा. गिरणीत हजारो 'बदली' कामगार असायचे. सकाळी दारात जाऊन उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर काम मिळणार, नाहीतर घरी. सरकारी शिपायाला रोज सकाळी हा प्रश्न नव्हता.

दुसरी गोष्ट, पगार वाढवून घ्यायची ताकद. सरकारी पगारासुद्धा आपोआप वाढले नाहीत हं. १९७७च्या डिसेंबरात महाराष्ट्राचे राज्य कर्मचारी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संपावर गेले. संप ५४ दिवस चालला. पण संप कितीही लांबला तरी सरकार काही मंत्रालयाला टाळं लावून निघून जाणार नव्हतं.

गिरणीमालक जाऊ शकत होता. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्या होत्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या, आणि एकाच युनियनला मान्यता देणारा १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याच्या. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या पुन्हा नीट उघडल्याच नाहीत, आणि लालबाग-परळमधल्या त्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले.

तिसरी गोष्ट, म्हातारपण. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राची किमान पेन्शन महिना ९,००० रुपये झाली. खासगी कामगारांच्या १९९५च्या पेन्शन योजनेत २०१४ मध्ये किमान रक्कम ठरली, महिना १,००० रुपये. नऊपट फरक! १९४७च्या त्या ३० रुपयांशेजारी हे आकडे ठेवून बघा.

पण थांबा, सरकारी नोकरीही आता एकसारखी राहिलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. म्हणूनच मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. शिवाय आज सरकारी ऑफिसातच कंत्राटी माणूस कायम माणसाशेजारी बसतो. टेबल सारखं, अटी वेगळ्या. जुना 'बदली' आठवतोय ना?

म्हणून पुढची ऑफर आली की सरकारी का खासगी एवढंच विचारू नका. कायम की कंत्राटी? पगार कोण आणि कधी वाढवणार? साठीनंतर काय मिळणार? गिरणगावाने हे प्रश्न फार मोठी किंमत मोजून विचारले होते.

तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं? त्यांना त्यांचा पहिला पगार नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!