हप्त्याहप्त्याने आलेलं वर्ष

डिसेंबर लागला की वर्तमानपत्रांना एक ताप येतो. 'सरत्या वर्षातल्या सर्वोत्कृष्ट दहा' अशी पुरवणी काढल्याशिवाय तो उतरत नाही. दहा पुस्तकं, दहा सिनेमे, दहा घोटाळे. पाश्चात्त्य रॉक आणि पॉप संगीताच्या शौकिनांत तर या याद्यांची साथ बारमाही असते. 'या वर्षीच्या तुमच्या आवडत्या रेकॉर्डी कोणत्या?' हा प्रश्न ही मंडळी 'चहा घेणार ना?' इतक्या सहज विचारतात. मला कुणी विचारलं की मी सांगतो, "१९७१ च्या सांगू का? कारण माझं ते वर्ष अजून चालूच आहे." विचारणारा लगेच चहाकडे वळतो.

पण मी थट्टा करत नाही. १९७१ साल पुण्यात १९७१ मध्ये आलंच नाही. कॅलेंडरच्या हिशेबाने आलं, नाही असं नाही. वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजला आणि मग ऑगस्टात ओव्हलवर इंग्लंडला हरवलं, निवडणूक झाली, युद्ध झालं, खिडक्यांना काळे कागद लागले. हे सगळं वेळच्या वेळी पार पडलं. पण त्याच वर्षी लंडन, न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिसला ज्या रेकॉर्डी निघाल्या, त्या सदाशिव पेठेपर्यंत हप्त्याहप्त्याने आल्या. काही तीन वर्षांनी, काही कॅसेटच्या रूपाने दहा वर्षांनी. एक हप्ता २०१५ साली आला आणि एक २०२३ साली. असं दुसरं वर्ष मला माहीत नाही.

तेव्हा मी कॉलेजात होतो. नवं गाणं कानावर पडायचं ते रेडिओ सिलोनच्या इंग्रजी कार्यक्रमांतून, नाहीतर बी.बी.सी.च्या शॉर्टवेव्हवर. शॉर्टवेव्हवर ऐकलेल्या गाण्याला भरती-ओहोटी असते. गायकाने तान उचलावी आणि ऐन क्षणी पेकिंगच्या बातम्यांनी आत शिरावं! कितीतरी गाणी मला पहिल्यांदा चिनी भाषेच्या साथीवरच माहीत झाली. पुढे मूळ रेकॉर्ड ऐकताना ती बाई मध्येच बोलत का नाही, असं वाटायचं.

घरात वातावरण वेगळं. आमचे अप्पा किराणा घराण्याचे. म्हणजे गाणारे नव्हेत, ऐकणारे. पण घराण्याचा अभिमान गाणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त असतो. सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी घेऊन जायचे आणि पहाटे घरी येऊन, आदल्या रात्री कोणाचा पंचम किती केसभर चढला होता ते आईला उठवून सांगायचे. मी लावलेल्या संगीताला त्यांनी एकच नाव दिलं होतं, 'कल्हईवाला'. "आला का तुझा कल्हईवाला?" एवढंच विचारायचे आणि गॅलरीत जायचे.

त्या वर्षीचा माझ्या यादीतला सर्वांत घरगुती विषय म्हणजे बीटल्सची वाटणी. बँड मोडला होता हे जगाला ठाऊक होतं. पण १९७० च्या शेवटच्या दिवशी पॉल मॅकार्टनीने बाकीच्या तिघांवर लंडनच्या कोर्टात भागीदारी मोडण्याचा दावा लावला आणि मार्च १९७१ मध्ये कोर्टाने धंद्यावर रिसीव्हर नेमला. आपल्याकडे असा दावा लागला की भाऊ एकमेकांच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात, फार तर बांधावरचं झाड तोडतात. यांनी रेकॉर्डी काढल्या. मे महिन्यात पॉलची 'रॅम' आली. कव्हरवर हा स्वतः एका मेंढ्याची शिंगं धरून उभा. आत जॉन लेननला दोन चिमटे, तेही नाव न घेता. सप्टेंबरात जॉनची 'इमॅजिन' आली. शांतता, प्रेम, सगळं जग एक! आणि त्याच रेकॉर्डवर पॉलचा असा उद्धार, की ऐकणाऱ्याने कानकोंडं व्हावं. त्या गाण्यात गिटार कोणाची? तिसऱ्या भावाची, जॉर्ज हॅरिसनची. एवढ्यावर भागलं नाही म्हणून आत एक पोस्टकार्ड घातलं होतं. त्यावर जॉन, आणि मेंढ्याच्या जागी कान धरलेलं डुक्कर.

अप्पांना ही हकीगत मी सांगितली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्या संगीतात रस घेतला. "धाकट्याचं काय?" त्यांनी विचारलं. म्हटलं, रिंगो वयाने सगळ्यांत थोरला आहे. "मग तो गप्प असणार," अप्पा म्हणाले. "थोरल्याला सगळीकडे गप्पच बसावं लागतं." अप्पा स्वतः पाच भावांतले थोरले.

माझं मत विचाराल तर 'इमॅजिन'चं शीर्षकगीत चांगलं आहे, पण आता ते इतक्या समारंभांत वाजलंय की त्याचं पसायदान झालंय. सगळे उठून उभे राहतात आणि शब्दांकडे कोणाचंच लक्ष नसतं. 'रॅम'ला तेव्हा समीक्षकांनी झोडपलं. मला ती आज जास्त आवडते. त्यात एक माणूस शेतावर बायकोबरोबर खुशीत गातोय, यापलीकडे तिचं काही म्हणणं नाही.

आईची पसंती कॅरोल किंगच्या 'टॅपेस्ट्री'ला. कारण कव्हर. खिडकीत एक बाई अनवाणी बसलीय, पुढे मांजर. "ही बाई घरातली वाटते हो," आई म्हणाली. आणि ते खरंच होतं. कॅरोल किंगने दहा वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी रचली, नवऱ्याबरोबर. तो शब्द लिहायचा, ही चाली द्यायची. लग्न मोडलं, दोन मुलींना घेऊन ती न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला आली आणि पियानोपाशी बसून स्वतःच गायला लागली. आवाज असा, की शेजारच्या बिऱ्हाडात कोणीतरी काम करता करता गातंय. ही रेकॉर्ड अमेरिकेत सलग पंधरा आठवडे पहिल्या नंबरवर राहिली, तिला चार ग्रॅमी मिळाली. आई कुकरची शिट्टी होईपर्यंत ती ऐकायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण कुठल्या गाण्यात बाईचं बिनसलंय ते बरोबर ओळखायची.

रोलिंग स्टोन्सची 'स्टिकी फिंगर्स' मात्र आईला दाखवण्यासारखी नव्हती. अँडी वॉरहॉलच्या कल्पनेतून निघालेल्या त्या कव्हरवर पँट घातलेल्या पुरुषाचा मधलाच भाग, आणि त्याला खरीखुरी, उघडणारी चेन! १९७४ साली एका मित्राच्या बोटीवरच्या भावाने ती आणली, तेव्हा माळ्यावर ब्लॅकआउटचे काळे कागद शिल्लक होते. मध्यमवर्गीय घरात युद्ध संपतं, कागद संपत नाही. त्याचंच कव्हर मी तिला शाळेच्या पुस्तकासारखं घातलं. चेनने एक घोळ मात्र अमेरिकेतच केला होता. रेकॉर्डींच्या थप्प्या रचल्या की ती वरच्या रेकॉर्डवर रुतायची आणि गाणं खराब व्हायचं. मग कोणाला तरी सुचलं, की पाठवतानाच चेन अर्धी खाली ओढून ठेवावी, म्हणजे मधल्या लेबलवर पोचा पडेल, गाण्यावर नाही. जगातले मोठे प्रश्न असे सुटतात.

मार्व्हिन गेची 'व्हॉट्स गोइंग ऑन' मी फार उशिरा, चाळिशीत नीट ऐकली आणि ते बरं झालं. भाऊ व्हिएतनामहून परतलेला, देशात रस्त्यावर पोलिसांच्या काठ्या, आणि हा प्रेमगीतांचा गोड गायक कंपनीच्या मालकाला सांगतो की मी आता हे गाणार. मालक नको म्हणत होता. गाणं खपल्यावर मालकाचं मत बदललं. त्या रेकॉर्डवर आरडाओरडा कुठेच नाही, विचारल्यासारखं गातो. तिच्यावर विनोद करायला मला जमत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे म्हणजे 'द हू'कडे. यांची 'हूज नेक्स्ट' ऑगस्ट १९७१ ची. पीट टाउनशेंडने आधी एक प्रचंड बेत आखला होता. सिनेमा, जलसा, यंत्रं, सगळं एकत्र. तो कोसळला. मोडलेल्या लग्नाच्या मांडवाचे बांबू वापरून एखाद्याने फक्कड झोपडी बांधावी, तशी ही रेकॉर्ड उभी राहिली. तिचं पहिलं गाणं 'बाबा ओ'रायली'. यातले बाबा आपल्याच पुण्यात १८९४ साली जन्मलेले, नगरजवळ मेहेराबादला समाधिस्थ असलेले मेहेरबाबा. टाउनशेंड त्यांचा भक्त. आता योग पाहा. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत. साडेत्रेचाळीस वर्षं अवाक्षर नाही. आणि त्यांच्या नावाचं गाणं कोणी करावं? लंडनच्या चार्लटन मैदानावर १२० डेसिबल आवाज काढून १९७६ साली जगातला सर्वांत कर्कश बँड म्हणून गिनेस बुकात गेलेल्या मंडळींनी!

गाण्यातला रायली म्हणजे टेरी रायली, कॅलिफोर्नियाचा संगीतकार. एकच स्वराकृती पुन्हा पुन्हा वाजवून तिचं जाळं विणायचं, ही त्याची रीत टाउनशेंडने ऑर्गनवर उचलली. एवढं मला माहीत होतं. खरा हप्ता आला १९८० नंतर कधीतरी, एका इंग्रजी मासिकातून. हा टेरी रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांचा गंडाबंद शिष्य होता आणि प्राणनाथ शिकले होते अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. मासिक तसंच हातात धरून मी अप्पांपुढे उभा राहिलो.

"वहीद खाँ? बहिरे वहीद खाँ?" अप्पा ताठ बसले. "अरे, हिराबाई त्यांच्याकडे शिकल्या!" मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे प्राणनाथ हिराबाईंचे गुरुबंधू. आणि हा तुझा रायली त्यांचा शिष्य, म्हणजे हिराबाई बडोदेकरांचा पुतण्या झाला की! लाव बघू."

मी लावली. ते गाणं सुरू होतं नुसत्या ऑर्गनने. एकच लकेर, न थांबता, गोल गोल. अप्पांनी डोळे मिटले. "षड्जावरून हलत नाही पठ्ठ्या," ते कौतुकाने म्हणाले. "किराण्याचीच तब्येत आहे. आता सावकाश बढत करील." मी घड्याळाकडे बघत होतो. मिनिटभराच्या आत कीथ मून ड्रम्सवर तुटून पडणार होता आणि हे अप्पांना कसं सांगावं ते कळत नव्हतं. तो पडला. अप्पांनी डोळे उघडले, गॅलरीच्या दिशेने अर्धे उठले आणि पुन्हा बसले. गाणं संपेपर्यंत बसले. शेवटी व्हायोलिन द्रुत लयीत सुटतं, तिथे त्यांचं बोट मांडीवर हललं, हे मी शपथेवर सांगतो. नंतर म्हणाले, "घरंदाज आहे. संगत वाईट लागली."

त्यांनी स्वतःहून मागून घेतलेली रेकॉर्ड मात्र एकच, 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. १ ऑगस्ट १९७१, रविवार, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला निर्वासितांबद्दल सांगितलं आणि जॉर्जने काही आठवड्यांत दोन खेळ उभे केले; जवळपास चाळीस हजार माणसं आली. रविशंकर, अली अकबर खाँ, मुंबईचे अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती सुरुवातीला बसले. दीड-एक मिनिट वाद्यं जुळवली आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर शांतपणे म्हणाले, की जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. अप्पा या जागेला दरवेळी हसायचे आणि दरवेळी म्हणायचे, "अरे, जुळवणी आवडली यात काय चुकलं? आपल्याकडे तेवढं तरी कोण ऐकतं!"

त्या वर्षी नोव्हेंबरपासून आपल्याकडे पत्राला पाच पैशांचं निर्वासित-मदतीचं जादा तिकीट लावावं लागायचं. मुंबईच्या मामेभावाला 'या रेकॉर्डचं काही कळतं का बघ' असं मी लिहिलं, त्या पाकिटावरही ते होतं. तिकडे दोन खेळांच्या गल्ल्यातून २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट लगोलग युनिसेफला गेले. पण रेकॉर्डच्या आणि सिनेमाच्या मिळकतीवर अमेरिकेच्या आयकर खात्याने हात ठेवला. आधी करमाफीचा कागद केला नव्हता म्हणे. पैसे वर्षानुवर्षं अडकले. अप्पा सरकारी कचेरीतले. हे ऐकून ते इतकंच म्हणाले, "पोरांनी एखादा हेडक्लार्क बरोबर घ्यायला हवा होता."

तीन रेकॉर्डींचा तो डबा अमेरिकेत २० डिसेंबरला विक्रीला आला. ढाक्याची शरणागती त्याआधी चार दिवस झाली होती. ज्या देशाच्या नावाने तो निघाला, तो देश डब्याच्या आधी पोचला. पण कव्हरवरचं रिकाम्या ताटापुढे बसलेलं उघडं पोर तसंच होतं. अप्पा तो डबा नेहमी पालथा ठेवायचे. सहा बाजूंपैकी फक्त पहिली ऐकायचे, रविशंकरांची; मग सुई उचलून माझ्याकडे बघायचे, म्हणजे उरलेल्या पाच माझ्या.

राहिली लेड झेपलिनची चौथी रेकॉर्ड, ८ नोव्हेंबर १९७१ ची. तिला नाव नाही. कव्हरवर बँडचंही नाव नाही. पोपडे उडालेल्या भिंतीवर एका फ्रेममध्ये पाठीवर मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा. त्यावर 'फोर स्टिक्स' नावाचं एक गाणं आहे. ड्रमर जॉन बॉनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवलं म्हणून ते नाव. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईला आले आणि हेच गाणं त्यांनी इथल्या वादकांना घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. मी तेव्हा पुण्यात शॉर्टवेव्हचं बटण पिळत होतो आणि गाणं घाटाच्या पायथ्याशी वाजत होतं! ते मुद्रण प्रसिद्ध झालं २०१५ साली. अप्पा नव्हते तेव्हा. तबला ऐकून काहीतरी नक्की म्हणाले असते.

आणि तो मोळीवाला? पन्नास वर्षं लोक ते चित्र समजत होते. २०२३ साली इंग्लंडमधल्या एका संशोधकाला जुन्या अल्बममध्ये त्याचा मूळ फोटो सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा, विल्टशायर परगण्यातला. त्यातला माणूस छपरं शाकारणारा होता. आपल्याकडे कोकणात पावसाआधी घरं शाकारतात ना, तोच धंदा. पाठीवरच्या काठ्या त्यासाठीच. रेकॉर्डवर कोणाचंच नाव न घालण्यासाठी बँड कंपनीशी भांडला होता. आता एक नाव कळलं आहे, लॉट लाँग. शाकारणीचे पैसे तेवढे त्याला वेळेवर मिळत होते की नाही, ते अजून आलेलं नाही.